नकाराचे दप्तर

शेतीशास्त्राच्या मैफलीत नव्या वाणाचा जनक मानाच्या गादीवर बसतो, कीडरोगांचा जाणकार त्याच्या शेजारी बसतो, मृदाशास्त्रज्ञालाही आपले आसन असते. परंतु ज्याचे संशोधन बीजाचे नाही आणि मातीचेही नाही, तर प्रयोगक्षेत्रावर सिद्ध झालेली गोष्ट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचते की नाही, पोहोचली तर तो ती ठेवून घेतो की परत पाठवतो, आणि परत पाठवताना त्याच्या मनात कोणता हिशेब चाललेला असतो, एवढ्याच गोष्टीचे आहे, त्या कृषिविस्ताराच्या अभ्यासकाला पुष्कळ काळ उंबरठ्याबाहेरच तिष्ठावे लागले. पावसाचा भरवसा उडाला आणि हवामानबदलाला तोंड देऊ शकेल अशा शेतीची गरज सरकारदरबारी मान्य झाली, तेव्हापासून त्याची विचारपूस वाढली आहे. तो नेमके काय करतो, त्याची हयात कशात जाते आणि तिचे फलित कशाने मोजायचे, हे मात्र सामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसते.

या व्यवसायाची वंशावळ महाराष्ट्रात शोधू गेल्यास ती शंभर वर्षांहून मागे जाते. १९०७ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून आलेले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झालेले हॅरोल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. चहाच्या मळ्यांच्या संशोधनातून ते इकडे आले. पुण्यालगतच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली. मातीचे पृथक्करण करणाऱ्या या माणसाने तेथे घरोघरचे जमाखर्च विचारले, कर्जे मोजली, जुनी दप्तरे चाळली, आणि १७७१ साली ज्या गावात सरासरी खाते ४० एकरांचे होते तेथे १९१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले आहे, हे दाखवून दिले. (आजचे पिंपळे सौदागर पाहणाऱ्याला तेथे एके काळी शेतीची खाती होती हेच मुळी पटवून द्यावे लागते, आता ती जमीन चौरस फुटांत विकली जाते.) यानंतरची दुसरी पाहणी पुणे जिल्ह्याच्या कोरड्या भागातील जातेगाव बुद्रुकची. ती १९२१ साली निघाली तेव्हा मान यांच्या नावाशेजारी सहलेखक म्हणून आणखी एक नाव छापले गेले, ते एन. व्ही. कानिटकर यांचे. साध्या वर्षीदेखील गावातील बहुसंख्य कुटुंबांची तोंडमिळवणी होत नाही, असा त्या पाहणीचा निष्कर्ष होता.

कानिटकरांचे पुढील आयुष्य मला या साऱ्या विषयाचा आरंभबिंदू वाटते. जातेगावच्या कर्जखात्यांत ज्यांनी डोके घातले तेच गृहस्थ पुढे कोरडवाहू जमिनीच्या पोटातील ओलाव्याचे अभ्यासक झाले. पुण्याजवळ मांजरीला १९२३ साली या विषयाचे प्रयोग सुरू झाले होते. १९३३ पासून शेतकी संशोधनाच्या इंपीरियल कौन्सिलच्या मदतीने सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच केंद्रे उभी राहिली. आणि या कामाचे सार सांगणारा कानिटकरांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. सोलापूरच्या निवडीमागे कारण होते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरांच्या आसपास, पण सरासरी हा आकडा कागदावर जितका समंजस दिसतो तितका रानात नसतो. जून-जुलैत ढग नुसते येऊन जातात, खरा पाऊस उत्तरा आणि हस्तात पडतो, आणि तोवर मोकळी ठेवलेली खोल काळी जमीन ते पाणी पोटात साठवून घेऊन हिवाळाभर ज्वारीला पुरवते. पेरणीनंतर पीक काढणीला येईपर्यंत कदाचित एकही सर येणार नाही, हे शेतकऱ्याने गृहीतच धरलेले असते.

अशा शेतीला 'मुंबई कोरडवाहू पद्धत' या नावाने जी शिफारस झाली ती शास्त्रदृष्ट्या निर्दोष होती. बांध घालून पाणी अडवावे, तीन वर्षांतून एकदा लोखंडी नांगराने खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या देऊन तण मारावे, बी कमी टाकून ओळींत दीड फुटाचे अंतर ठेवावे, आणि पीक उभे असताना वारंवार कोळपावे. यातील कोळपणीचे मर्म शेतकऱ्याला शिकवण्याची गरज नव्हती. काळी जमीन वाळू लागली की भेगाळते. भेगांच्या तोंडून खालचा ओलावा उडून जातो. कोळप्याने वरची माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवल्या की तो आत राहतो. 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' हे वाक्य शास्त्रज्ञांच्या पत्रकांत जितके आढळते तितकेच पारावरच्या बोलण्यातही ऐकू येते.

तरीही ही पद्धत समग्र अशी फारशी कोणी उचलली नाही. कारण तिने उत्पन्न वाढे ते पंधरा-वीस टक्के. मुळात एकरी दीड-दोन क्विंटल ज्वारी होत असेल, तर पंधरा-वीस टक्के म्हणजे फार तर चाळीस किलोंची वाढ, आणि तेवढ्यासाठी खोल नांगरटीला बैलांच्या दोन-तीन जोड्या जुंपायच्या, ज्या बहुतेकांच्या दावणीला नव्हत्या. विरळ पेरणीने कणीस भरते हे खरे. पण ताटे कमी झाली तर कडबाही कमी, आणि दुष्काळी मुलखात कडबा म्हणजे बैलांचा जीव. जातेगावची कर्जे मोजलेल्या कानिटकरांना हे उमगले नसेल असे मानवत नाही. परंतु त्या काळच्या शेतकी खात्यात सल्ला देणारे दप्तर एक आणि कर्जाची नोंद करणारे दप्तर दुसरे, अशी वाटणी होती, आणि या दोहोंची गाठ घालून देणारी विद्या अजून जन्माला यायची होती.

ती जन्मली अमेरिकेत, आणि तिने येताना आपला एक पूर्वग्रहही बरोबर आणला. आयोवा राज्यात १९२८ पासून संकरित मक्याचे बियाणे विकले जाऊ लागले. त्याचा प्रसार कसा झाला याचा दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांकडून घेतलेला जबाब रायन आणि ग्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. १९४१ पर्यंत दोघे वगळता सर्वांनी ते बियाणे स्वीकारले होते, आणि म्हणून प्रश्न 'कोणी घेतले' असा न राहता 'कोणी आधी घेतले आणि कोणी उशिरा' एवढाच उरला. पुढे १९६२ साली एव्हरेट रॉजर्सने या अभ्यासांवर आपला सिद्धांत उभारला आणि शेतकऱ्यांची पाच वर्गांत विभागणी केली: पुढाकार घेणारे अग्रभागी, रेंगाळणारे पिछाडीला. आपल्याकडे विकासखंड, ग्रामसेवक, प्रात्यक्षिके आणि मेळावे यांचा काळ तेव्हा नुकताच सुरू झालेला. कृषी विद्यापीठे निघाली, त्यांत विस्तारशिक्षणाचे विभाग निघाले, आणि पदव्युत्तर प्रबंधांत शेकड्यांनी शेतकरी या पाच कप्प्यांत बसवले जाऊ लागले. मक्याचे बियाणे आयोवात चांगले होते, हे त्या सिद्धांताच्या मुळाशी असलेले गृहीत दख्खनच्या पठारावर जसेच्या तसे आले, आणि ज्याने ते घेतले नाही त्याच्यात काही उणे असले पाहिजे असे मानण्याची सवय जडली.

त्या उण्याची मोजदाद करण्यासाठी मोजपट्ट्याही तयार झाल्या. महाराष्ट्रातील विस्तारशिक्षणाच्या आद्य अभ्यासकांपैकी एक असलेल्या एस. व्ही. सुपे यांनी १९६९ साली केलेली जोखीमवृत्तीची मोजपट्टी आजही देशभरच्या प्रबंधांत वापरली जाते. तीत काही विधाने असतात. शेतकऱ्याने त्यांना संमती दर्शवायची की असंमती, यावरून त्याची जोखीम पत्करण्याची तयारी ठरते. साधन म्हणून ते सोयीचे आहे आणि त्याने पुष्कळ उपयुक्त तुलना शक्य झाल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जबाबाला एक उपजत मर्यादा असते: मोटारसायकलवरून आलेला, हातात छापील कागद धरलेला, विद्यापीठाचा माणूस विचारतो आहे हे ज्याला दिसते तो शेतकरी कोणते उत्तर द्यावे हेही मनाशी ठरवत असतो. 'लिहा की साहेब, तुम्हाला काय बरं वाटंल ते' हे वाक्य ज्याने ऐकलेले नाही असा विस्तार संशोधक विरळा.

या मर्यादेवरचा उपाय ज्या प्रयोगाने सुचवला तो योगायोगाने आपल्याच गावांत झाला. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ साली इक्रिसॅट ही अर्धशुष्क प्रदेशातील पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तेथील अर्थशास्त्रज्ञांनी (जेम्स रायन, एन. एस. जोधा, हान्स बिन्सवांगर ही त्यांतील ठळक नावे) १९७५ च्या मे महिन्यापासून सहा गावांची पाहणी हाती घेतली: तेव्हाच्या आंध्रातील महबूबनगर जिल्ह्यातील दोन, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातील कंझरा आणि किनखेड. प्रत्येक गावी चाळीस कुटुंबे निवडली गेली, त्यांत तीस शेतकऱ्यांची आणि दहा भूमिहीन मजुरांची. नवी गोष्ट अशी की पाहणी करणारा पदवीधर तरुण, जो स्वतःही बहुधा खेड्यातलाच असे, त्या गावातच बिऱ्हाड करून राहू लागला. दर तीन-चार आठवड्यांनी तो प्रत्येक घरी जाई आणि मागच्या भेटीपासून कोणत्या तुकड्यावर किती मजूर, किती बैल, किती बी, किती खत, कोणाकडून उसने, कोणाला परत, याची नोंद घेई. आणि हे काम एक-दोन हंगाम नव्हे तर काही गावांत दहा वर्षे अखंड चालले. शेतकऱ्याला काय वाटते हे विचारण्याआधी तो काय करतो हे लिहून काढण्याचा हा खटाटोप भारतातील कृषिविषयक संशोधनाच्या इतिहासातील एक मोठे धैर्याचे काम होते, असे मी मानतो. त्या तरुणांची नावे मात्र ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर आली नाहीत.

त्याच कुटुंबांत बिन्सवांगर यांनी पैशांचा एक खेळ मांडला. खेळ साधा होता. नाणे उडवायचे, पण त्याआधी खेळणाऱ्याने आठ पर्यायांपैकी एक निवडायचा. पन्नास रुपयांच्या खेळात पहिला पर्याय असा की छापा पडो वा काटा, पन्नास रुपये हमखास. दुसरा असा की एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला पंच्याण्णव. पुढच्यात चाळीस आणि एकशेवीस. आणखी पुढे तीस आणि दीडशे, मग दहा आणि एकशेनव्वद. आणि अखेरचा, एका बाजूला शून्य तर दुसऱ्या बाजूला दोनशे. आरंभ आठ आण्यांच्या डावापासून केला गेला, मग पाच रुपये, मग पन्नास; आणि हे पैसे खोटे नव्हते, जिंकले की तिथल्या तिथे हातावर ठेवले जात. त्या काळी पन्नास रुपये म्हणजे शेतमजुराच्या कित्येक दिवसांची मजुरी. आता कल्पना करावी: ओटीवर बसलेला गडी, समोर मांडलेले आकडे, भोवती सल्ले देणारी पोरे, आणि आतून कानोसा घेणारी घरची माणसे. येथे 'तुम्हाला बरे वाटेल ते लिहा' म्हणण्याची सोय उरत नाही.

१९८० साली निष्कर्ष छापून आले. आठ आण्यांच्या डावात माणसे नाना तऱ्हांनी वागली. काही अगदी बेडर, काही अगदी सावध. डाव मोठा होत गेला तशी बहुतेक सर्वजण मधल्या पर्यायांकडे, म्हणजे मध्यम सावधपणाकडे सरकली; आणि या सावधपणात श्रीमंत शेतकरी व गरीब शेतकरी यांच्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. शिवाय केवळ तोंडी प्रश्न विचारून जोखीमवृत्ती मोजण्याची पद्धतही त्यांनी त्याच माणसांवर वापरून पाहिली, तेव्हा ती उत्तरे खेळातील वर्तनाशी जुळेनात. प्रश्न कोण विचारतो यावरही ती पालटत. एवढ्याने एक मोठे खाते निकालात निघाले. गरीब शेतकरी नवे बियाणे घेत नाही, खत टाकत नाही, विहीर काढत नाही, याचे कारण त्याचा भित्रा स्वभाव असते, तर तो खेळातही श्रीमंताहून भित्रा दिसायला हवा होता. तो तसा दिसला नाही. फरक मनोवृत्तीत नव्हता; पेढीवरच्या पतीत होता, दावणीच्या बैलांत होता, आणि पीक बुडाले तर पुढची पेरणी कशाच्या बळावर करायची या प्रश्नाला ज्याच्यापाशी उत्तर आहे आणि ज्याच्यापाशी नाही, त्यांच्यातील अंतरात होता.

बिन्सवांगर अर्थशास्त्रज्ञ होते, विस्तार शास्त्राचे नव्हेत; परंतु विस्तार संशोधकाचा प्रश्न यानंतर पहिल्यासारखा राहू शकत नव्हता. 'शेतकरी का ऐकत नाही' या जागी 'आमच्या शिफारशीतील कोणती जोखीम त्याच्या अंगावर पडते आणि कोणती आमच्या' असे विचारणे भाग होते. असे विचारू लागल्यावर काय हाती लागते याचे उत्तम उदाहरण बांधांचे आहे. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याच्या आधारे पुढील काळात लाखो एकरांवर समपातळी बांध पडले. हैदराबादचे शास्त्रज्ञ एन. के. संघी आणि अर्थशास्त्रज्ञ जॉन केर यांनी १९९२ साली लिहिलेल्या निबंधात हे बांध शेतकऱ्यांनी का मोडले याची मीमांसा आहे. समपातळी रेषा उताराला मान देते, सातबाऱ्याला देत नाही. ती एकाच्या शेतातून तिरकी जाऊन दुसऱ्याच्या शेतात शिरते. कोपऱ्यात असा तुकडा सुटतो की तेथे पाभर वळत नाही. माती साचते एकाच्या वाट्याला आणि तुंबलेले पाणी जाते दुसऱ्याच्या. खोल काळ्या जमिनीत तर बांधामागे पाणी साचून पीक पिवळे पडे आणि अखेर बांध फुटे. शेतकरी मात्र पूर्वापार हद्दीच्या धुऱ्यावर बांध घालीत आला होता, आणि तो वर्षानुवर्षे थोडाथोडा उंचावत नेत होता, कारण तो त्याचा होता. अभियंत्याच्या लेखी हा बांध अशास्त्रीय ठरला होता. ज्या शिफारशीत भाऊबंदकीचा विचार नाही ती दख्खनमध्ये टिकत नाही, हे खरे तर कोणत्याही तलाठ्याने सांगितले असते. परंतु तलाठ्याला विचारण्याची संशोधनपद्धतीत तरतूद नव्हती.

याहून बोधक हकीकत रुंद वरंबा आणि सरीची आहे. खोल काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी तुंबते, वाफसा लवकर येत नाही, म्हणून खरिपात ती मोकळी ठेवण्याचा प्रघात. इक्रिसॅटच्या शास्त्रज्ञांनी असे योजले की दीड मीटरच्या पट्ट्यात एक मीटरचा रुंद वरंबा आणि अर्ध्या मीटरची सरी काढावी. जास्तीचे पाणी सरीतून हळूहळू निघून जाईल, कमी पाऊस असता तेच सरीत मुरेल, आणि एकाऐवजी दोन पिके घेता येतील. यासाठी बैलांनी ओढायचे, चाकांचे, अनेक अवजारे जोडता येणारे 'ट्रॉपिकल्टर' हे यंत्र घेण्यात आले. ते जाँ नोल या फ्रेंच अभियंत्याच्या कल्पनेतून उतरले होते. प्रयोगक्षेत्रावर परिणाम नेत्रदीपक होते. गावांत ते रुजले नाही. जेथे सुरुवातीचा पाऊस बेभरवशाचा, त्या सोलापूरकडे तर या पद्धतीचा भाग म्हणून पावसाआधी कोरड्यात पेरणी करा म्हणणे हाच जुगार होता. आणि बैलगाडीच्या कितीतरी पट किमतीचे यंत्र तीन-चार एकरांच्या खातेदाराने घ्यावे तरी कशाच्या आधारावर? अशा यंत्रांचा जगभरचा इतिहास पॉल स्टार्की यांनी १९८८ साली लिहिला. त्यांना असे दिसले की शेतकऱ्यांनी ती घेतली तेथेही बहुतांशी गाडी म्हणून वापरली. पुस्तकाच्या नावातच त्यांनी निकाल देऊन टाकला: परिपूर्ण केलेले, तरीही नाकारलेले.

परंतु गोष्ट येथे संपली नाही. पुढील दोन-तीन दशकांत विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आले, बैल कमी झाले, भाड्याने ट्रॅक्टर मिळू लागले, आणि पावसाची रीतही पालटली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. एका आठवड्यात शेताचे तळे आणि पुढचे तीन आठवडे खंड, असा पाऊस पडू लागल्यावर तोच रुंद वरंबा ट्रॅक्टरला जोडलेल्या पेरणीयंत्राच्या रूपाने परत आला आणि या वेळी पुष्कळांनी तो स्वीकारला. आज कृषी खाते त्याची शिफारस करते तेव्हा ती नवीच असल्यासारखी करते. ज्या विस्तार संशोधकाने पहिल्या नकाराची कारणे तपशिलाने लिहून ठेवली होती (यंत्राची किंमत, बैलांची ताकद, पहिल्या पावसाची शाश्वती), त्यालाच सांगता येते की दुसऱ्या खेपेस यांतील कोणते कारण दूर झाले आणि कोणते अजून तसेच आहे. ज्याचे सोयाबीन दोन एकर आहे त्याच्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर वाफशाच्या नेमक्या दोन दिवसांत येत नाही. तो आधी वीस एकरवाल्याकडे जातो.

हवामानबदलाचे आव्हान सरकारी पातळीवर मान्य झाल्यानंतर या व्यवसायाला पैसा आणि पदे मिळाली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ साली 'निक्रा' हा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला; त्यात निवडक जिल्ह्यांतील गावांत कृषी विज्ञान केंद्रांनी शेतकऱ्यांच्या समित्या, अवजारांची भाडेकेंद्रे, बियाण्यांची कोठारे अशी रचना उभी केली. महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाडा, विदर्भ आणि जळगाव-नाशिककडील पाच हजारांहून अधिक गावांत राबवला गेला. पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टाही त्यात आला. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संस्थेने सहाशेहून अधिक जिल्ह्यांचे आपत्कालीन आराखडे केले आहेत: मृगाचा पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरावे, चार लांबला तर काय, सहा आणि आठ लांबला तर काय. आराखडे अभ्यासपूर्ण आहेत. परंतु विस्तार संशोधकाने तालुक्याच्या गावी जाऊन दुकानदाराला विचारावे, की सहा आठवडे उशीर झाल्यावर ज्या तुरीचे किंवा बाजरीचे वाण पेरायला सांगितले आहे त्याच्या बियाण्याच्या तुझ्याकडे किती पिशव्या आहेत; त्या उत्तरावर आराखड्याची किंमत ठरते, आणि ते उत्तर आराखड्यात नसते. तीच गत विम्याची. फळपीक विम्याची भरपाई बहुतांशी महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. एका मंडळात गावे दहा-वीस, आणि गारपीट मंडळाची हद्द विचारून येत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गारपीट झाली तिने एका शिवारातील ज्वारी आडवी केली आणि ओढ्यापलीकडची उभी ठेवली. यंत्राच्या नोंदीत आणि रानात किती अंतर आहे हे कोणी तरी पायी फिरून मोजावे लागते.

हे पायी फिरणे या हयातीचा मोठा भाग आहे, आणि बढतीच्या हिशेबात त्याला जवळजवळ किंमत नाही. कृषी पदवीधर मुलगा किंवा मुलगी (मुलींची संख्या आता पुष्कळ आहे, आणि त्यामुळे घरातील बायकांचे जबाब प्रथमच नीट लिहिले जाऊ लागले आहेत) पदव्युत्तर शिक्षणाला विस्तार हा विषय घेते. शे-सव्वाशे उत्तरदात्यांची प्रश्नावली, वय-शिक्षण-जमीनधारणा यांची कोष्टके, त्यांचे सहसंबंध, आणि शेवटी 'प्रशिक्षणाची गरज आहे' ही शिफारस, असा प्रबंध होतो. असले प्रबंध पुष्कळ वाचल्यावर माझे मत झाले आहे की त्यांतील सर्वांत मोलाचे पान बहुधा अखेरीस असते, 'शेतकऱ्यांना आलेल्या अडचणी' या मथळ्याखाली, आणि तेच सर्वांत घाईने लिहिलेले असते. पुढे नोकरी लागते ती विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात. तेथे मेळावे, मंत्र्यांचे दौरे, प्रात्यक्षिकांचे अहवाल, उद्दिष्टपूर्तीचे तक्ते. प्रात्यक्षिक यशस्वी झाले असे लिहिले तर कोणी शंका काढत नाही. अयशस्वी झाले असे लिहिले तर खुलासा मागवला जातो. अशा व्यवस्थेत नकाराची प्रामाणिक नोंद ठेवणारा संशोधक हा थोडा हट्टी माणूस असावा लागतो.

अशा हट्टी माणसांनी लिहून ठेवलेली एक गोष्ट ज्वारीची आहे. मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेला एम ३५-१ हा वाण स्वातंत्र्यापूर्वीचा. त्यानंतर रब्बीसाठी अधिक उत्पन्नाचे संकरित वाण आले, प्रात्यक्षिके झाली, बियाणे फुकटही वाटले गेले; पण सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शेतकरी मालदांडीवरून हलला नाही. कारणे विचारता पांढरे टपोरे दाणे, भाकरीची चव, आणि बैलाने आवडीने खाल्लेला कडबा, ही पुढे आली. पैदासकारांच्या निकषांत तेव्हा दाण्याचे वजन होते. चव आणि कडबा यांना स्थान पुढे मिळाले, आणि ते मिळवून देण्यात या नोंदींचा वाटा आहे.

अलीकडे त्याच मुलखातून वेगळ्या नोंदी येत आहेत. इक्रिसॅटने ती जुनी गावे या शतकात पुन्हा पाहणीस घेतली तेव्हा शिरापुरात पाणी आलेले होते आणि पाण्यामागोमाग ऊस. ज्या गावी नाणे उडवून कोरडवाहू शेतकऱ्याचा सावधपणा मोजला गेला, तेथील शेतकऱ्याने संधी मिळताच देशातील सर्वांत तहानलेल्या पिकांपैकी एक निवडले, कारण त्याला कारखान्याचा ठरलेला भाव आहे, गारपिटीने ते ज्वारीसारखे आडवे होऊन संपत नाही, आणि ज्वारी उपटायला आता मजूर मिळत नाही. पाणलोटाचा अभ्यासक या निवडीने हताश होतो. अर्थशास्त्रज्ञ तिला तर्कशुद्ध म्हणतो. विस्तार संशोधकाला मात्र दोघांचेही पटवून घेऊन पुन्हा त्याच ओटीवर जाऊन बसावे लागते, आणि उजनी धरणाचे पाणी ज्या वर्षी येणार नाही त्या वर्षी तुम्ही काय कराल, हे विचारून मिळेल ते उत्तर तसेच्या तसे लिहून घ्यावे लागते.